इकडील सर्व क्षेम!

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांची पंच्याहत्तरी साजरी झाली. गृहस्थ भले आहेत, माझे स्नेही आहेत, आणि हा लेख ते वाचणार हे ठाऊक असूनच मी तो लिहितो आहे. नाव सांगत नाही. आपण त्यांना नाना म्हणू. सभागृहात पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण झाले, पेढे वाटले गेले, आणि समोरच्या भिंतीवर लावलेल्या मोठ्या पडद्यावर नानांचे चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे सिअ‍ॅटलहून हजर झाली. इकडे संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडे पहाटेचे साडेपाच. नातवंडे बिचारी डोळे चोळीत बसली होती.

या समारंभाच्या सात आठवडे आधी नाना अतिदक्षता विभागात नऊ दिवस पडून होते. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवावे लागले. चिरंजिवांना त्याचा पत्ता नाही. "त्याच्या कंपनीत माणसे कमी करताहेत, त्यात आणखी उगाच काळजी नको," असे वहिनींनी ठरविले आणि नानांनी मान डोलावली. समारंभाच्या दिवशी वहिनी दारात उभ्या राहून प्रत्येकाला गुलाबाचे फूल देत होत्या आणि फुलाबरोबर कानात सांगत होत्या, "पडद्यासमोर हॉस्पिटलचे काही काढू नका हं!" आम्ही चाळीस माणसे होतो. त्यांत दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक माजी न्यायाधीश आणि प्रस्तुत लेखक. चाळीसच्या चाळीस जण तासभर इमानेइतबारे खोटे वागलो. मला चार शब्द बोलण्यास सांगितले होते. मी उठलो आणि "नानांची प्रकृती आजही तरुणांना लाजवील अशी आहे" असे म्हणून बसलो. टाळ्या पडल्या. पडद्यावर चिरंजिवांनीही टाळ्या वाजविल्या.

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दिवाळी अंक आणि परदेशी गेलेली मुले यांचे नाते जुने आहे. दरसाल कोठे ना कोठे एक कथा असतेच: मोतीबिंदू झालेली आई, खिडकी, फराळाचा डबा, आणि न आलेला मुलगा. लेखकाची सहानुभूती आईकडे, वाचकाचे अश्रू आईकडे, आणि मुलाच्या वाट्याला डॉलर! हा रडका सूर मला मुळीच मान्य नाही. पोटासाठी माणूस घर सोडतो, तो काही आजच सोडू लागलेला नाही. देशावरचा मनुष्य पानिपतापर्यंत गेला, कोकणातला मुंबईच्या गिरणीत गेला, आणि मी स्वतः १९८४ साली न्यू जर्सीला गेलो व अठ्ठावीस वर्षे तेथे राहून परत आलो. जाण्यात पाप नाही आणि राहण्यात पुण्य नाही. तेव्हा गेलेल्यांना शिव्या घालण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. माझी तक्रार आहे ती दोन्ही टोकांना बसून दर आठवड्यास एकमेकांना जे "सर्व क्षेम" सांगितले जाते त्याबद्दल. आपल्या घरांची दोरी अंतराने तुटत नाही. ती आपण काळजी वाचविता वाचविता स्वतःच कुरतडीत असतो.

माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, लालबागच्या एका गिरणीत कारकून होते. आम्ही बाकीची सारी दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी. शेती थोरले काका पाहत. अप्पा गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहत, खानावळीत जेवत, आणि महिन्याच्या दहा तारखेच्या आत तीस रुपयांची मनीऑर्डर करीत. त्या मनीऑर्डरीच्या तळाशी मजकुरासाठी एक कुपन असे. चार ओळींची जागा. पण अप्पांचे त्यात भागत नसे, म्हणून मागोमाग पोस्टकार्ड येई. ही कार्डे मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते. काय असे त्यांत? "ती. दादांस शि. सा. नमस्कार. नळे परतून घेतले का? गोठ्याच्या पाख्याचे वासे किडले आहेत, ते बदलल्याशिवाय नळे परतू नयेत. पाणंदीकडचा फणस तोडण्याचे मनात आणू नये. धाकटीचा ताप उतरला की कसे ते लपवू नये." यावर काका ओटीवर येरझारा घालीत मला उत्तर सांगत. "लिही! मुंबईत बसून आम्हाला शेती शिकवू नकोस. फणस कोणाच्या बापाचा आहे ते येथे येऊन सांग!" बाप दोघांचा एकच होता, हे मला त्या वयातही कळत असे; पण मी निमूटपणे लिहीत असे.

एके साली काकांनी रागाच्या भरात मनीऑर्डर परत पाठविली. घरात तेलमीठ संपले तरी बहाद्दर हटला नाही. शिमग्याला अप्पा एस.टी.ने आले ते आल्या पावली ओटीवर भांडायलाच बसले. दोन दिवस दोघे भाऊ भांडत होते. तिसऱ्या दिवशी देवाची पालखी आली तेव्हा एका दांडीला काका आणि दुसऱ्या दांडीला अप्पा. फणसाचा निकाल तेव्हाही लागला नाही.

मला पुष्कळ वर्षे वाटे की हे अडाणी लोकांचे तंटे आहेत. आता वाटते की वर्षातून दोनदा घरी येणारा तो मनुष्य त्या घराचा मालक होता आणि त्याच्या मालकीचा पुरावा म्हणजे ते भांडण. पाहुणा कधी भांडत नाही. पाहुणा पोळीची स्तुती करतो, मुलांच्या हातावर चॉकलेटे ठेवतो आणि जाताना "काही लागले तर कळवा" म्हणतो. अप्पांनी हे वाक्य जन्मात उच्चारले नाही. काय लागते ते त्यांना आधीच कळविलेले असे, बहुधा शिव्यांसकट.

कोणी म्हणेल, लालबाग आणि दापोली यांत एका रात्रीचे अंतर. ही तुलना सात समुद्रांपलीकडच्या माणसाला कशी लागू पडावी? तर मग सात समुद्रांपलीकडचेच उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. गोपाळराव मागे राहिले, आणि गंमत अशी की ते टपालखात्यातच नोकरीला होते. पत्राला जायला यायला कित्येक आठवडे लागत. एवढ्या विलंबाने आणि एवढ्या खर्चाने जाणाऱ्या पत्रात या दांपत्याने काय लिहावे? गोड गोड खुशाली? त्या पत्रांत गोपाळरावांचे उपदेश आहेत, बोचरे शब्द आहेत, आणि फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या त्या मुलीने लहानपणी खाल्लेल्या माराचा काढलेला हिशेबही आहे. जे एका घरात राहून तिला बोलता आले नसते ते तिने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूने लिहिले. गोपाळराव हे आदर्श पती होते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. त्यांच्यावर मला एक वेगळा लेख लिहिता येईल आणि तो त्यांना आवडणार नाही. पण १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परत निघालेली बाई आणि तिचा नवरा एकमेकांना ओळखत होते. पुढे तीन-चार महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, ती पुण्यात वारली, ही गोष्ट निराळी.

आणि आमच्या हाती काय नाही? २०१६ च्या अखेरीपासून तर व्हॉट्सअ‍ॅपवर फुकटात चेहरासुद्धा दिसू लागला. मंडळी म्हणतात, आता जग जवळ आले! मी नानांच्या घरी ही जवळीक डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांच्या दिवाणखान्यात एक खास खुर्ची आहे. तिच्यामागची भिंत तेवढी नव्याने रंगविलेली आहे. रविवारी सकाळी नाना इस्त्रीचा सदरा चढवून त्या खुर्चीत बसतात, वहिनी मोबाइल अशा बेताने धरतात की पलीकडची पोपडे आलेली भिंत आणि औषधांचे टेबल दिसू नये, आणि मग नातवंडांशी पंधरा मिनिटे संवाद होतो. तिकडेही अशीच एक खुर्ची असणार. कॅमेरा धरणारा जेवढे दाखवील तेवढेच कॅमेऱ्यात दिसते, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो. पत्रात निदान अक्षर तरी होते, आणि अक्षराला सदरा चढविता येत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. माझी आई दर पंधरवड्यास हवाईपत्र पाठवीत असे. निळा कागद, तिन्ही घड्या गच्च भरलेल्या, आणि जागा संपली की कडेने आडवे लिहिलेले. १९९४ च्या मार्चनंतर ही पत्रे बंद झाली. डोंबिवलीच्या घरी फोन होताच. मी दर शनिवारी करीत असे. "पत्र का नाही?" म्हणून विचारले तर म्हणाली, "आता फोन आहे ना, पत्राचा खटाटोप कशाला?" मला बरे वाटले. म्हटले, आई आधुनिक झाली!

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी घरी आलो. एके सकाळी फळीवरचा पोह्यांचा डबा काढताना तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. हात सुजलेलाही दिसला. मी विचारले. "काही नाही रे, अवघडलाय." मी काढून दिला डबा, आणि वर तिला व्यायामाचे महत्त्व समजावून सांगितले. परत जाण्याच्या रात्री विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीत ताईने मला सांगितले की मार्चमध्ये आईचा उजवा स्तन काढून टाकावा लागला. नऊ महिने झाले होते. त्या नऊ महिन्यांत मी छत्तीस-सदतीस फोन केले होते आणि प्रत्येक फोनवर ती ठणठणीत होती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात माझी नोकरी गेली होती. हिरवे कार्ड हाती होते म्हणून देश सोडावा लागला नाही, एवढेच. पाच महिने मी घरी बसून होतो. बायको एका दुकानात गल्ल्यावर उभी राहत होती. आणि दर शनिवारी मी आईला सांगत होतो, "कामाचा फार रगाडा आहे गं, दिवाळीला येणे जमणार नाही." म्हणजे पाहा: मिनिटाला दीड-दोन डॉलर मोजून, पृथ्वीच्या दोन टोकांना बसलेली आई आणि मुलगा एकमेकांना बिनचूक खोटे सांगत होती, आणि फोन ठेवल्यावर दोघेही समाधानाने म्हणत होती की आज बोलणे झाले, बरे वाटले!

टॅक्सीत मी ताईवर संतापलो. ती शांतपणे म्हणाली, "आईने शपथ घातली होती." आणि मग, मुंबईच्या विमानतळाचे दिवे दिसू लागले तेव्हा, तिने उरलेले सांगितले. ऑपरेशनला अप्पांची पुंजी पुरली नाही. ताईने पाटल्या मोडल्या. ठाण्याहून डोंबिवलीला रोज येऊन तीन आठवडे जखमेची पट्टी तिने बदलली. घरी तिचे मूल सहा वर्षांचे. किरणोपचारांसाठी लोकलच्या गर्दीतून आईला परळला नेले ते तिने. आणि दर शनिवारी माझा फोन येई तेव्हा तिथेच बसून "होय रे, आई मजेत" म्हणावयाचे ते पण तिनेच. त्या वर्षी भाऊबिजेला मी तिला ओवाळणी म्हणून पन्नास डॉलर पाठविले होते.

"उगाच काळजी नको" या तीन शब्दांचा खरा अर्थ येथे आहे. वाटते की काळजी वाचली. ती वाचत नाही. ती सारी उचलून मागे राहिलेल्याच्या डोक्यावर ठेवली जाते. मागे राहिलेली बहुधा मुलगी असते, किंवा धाकटी सून, किंवा कमी पगाराचा भाऊ. तिने धावपळ करायची, पैसा उभा करायचा, रात्री जागायचे, आणि वर खोटे बोलण्याची चाकरीही करायची. परदेशातला मुलगा मात्र निष्पाप! त्याला काही ठाऊकच नाही, तर त्याला दोष तरी कोण देणार? त्याचे निष्पापपण शाबूत राहावे म्हणून बहिणीच्या पाटल्या जातात. आणि दोन वर्षांनी तो येतो तेव्हा घर त्याच्या आवडीच्या भाज्या करण्यात गुंतते. ज्या घराने त्याला दुःखातून वगळले त्या घरात तो आता पाहुणा आहे, हे सांगण्याची तेवढी सोय कोणी करीत नाही.

मी पुढे आईला जाब विचारला. तिने जे उत्तर दिले ते महाराष्ट्रातल्या लाखो आया देत असतील: "तुला सांगून तू तिथून काय केले असतेस?"

बिनतोड वाटणाऱ्या या प्रश्नावर मी तीस वर्षे विचार केला आहे. काय केले असते? पहिली गोष्ट, पैसे पाठविले असते. नोकरी गेली होती तरी उसने काढून पाठविले असते, आणि पाटल्या राहिल्या असत्या. दुसरी गोष्ट, नोकरी नव्हतीच, तर येऊन दोन महिने राहिलो असतो. आईने आजार लपविला म्हणून मी आलो नाही, आणि मी बेकारी लपविली म्हणून "ये" असे म्हणणे तिला सुचले नाही! आणि समजा यांतले काहीच जमले नसते, तरी रात्री झोप न येता पडून राहिलो असतो. त्याचा काय उपयोग, असे व्यवहारी लोक विचारतील. मी म्हणतो, ती माझी वाटणी होती. आईच्या आजारपणी मुलाची झोप उडते, हा घरच्या हिश्श्याचा भाग आहे. तो परस्पर बुडविण्याचा अधिकार खुद्द आईलाही नाही.

येथे मला थोडे कठोर बोलावयाचे आहे आणि ते माझ्या वयाच्या मंडळींना उद्देशून आहे. आपण याला माया म्हणतो. तीत माया आहेच. पण तीत अहंकारही पुष्कळ आहे. "आम्ही कोणावर अवलंबून नाही", "मुलाला एका शब्दाने त्रास दिला नाही", हे वाक्य कट्ट्यावर बोलताना आपली छाती कशी फुगते ते पाहा. मुलगा परदेशी आहे ही शोभा, आणि त्याची गरज पडत नाही ही त्याहून मोठी शोभा. मग तोही तसेच शिकतो. त्याचे लग्न मोडकळीस आलेले असते, घराचे हप्ते थकलेले असतात, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहून केस पिकलेले असतात (तेथे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक येत नाही, आणि आपली माणसे ही एवढी), आणि तो पडद्यावर हसून विचारतो, "बाबा, पाऊस कसा आहे?"

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, जुन्या काळी तरी कोठे सगळे खरे कळवीत? तारेत "आई अत्यवस्थ" असले की आई गेलेली असे, हे पोस्टमनलासुद्धा ठाऊक होते. मान्य आहे. पण ते खोटे दोन दिवसांचे होते, माणसाला गाडीत बसविण्यापुरते होते. आमचे खोटे माणसाला गाडीत न बसविण्यासाठी आहे. दुसरा आक्षेप: मग प्रत्येक सर्दी-पडसे कळवायचे काय? नाही. मी साधी कसोटी लावतो. जी गोष्ट ठाण्याच्या मुलीला सांगितली, ती सिअ‍ॅटलच्या मुलाला त्याच दिवशी कळली पाहिजे. ठाणेकरणीला सांगण्याइतकी मोठी नसेल तर त्यालाही सांगू नका.

कोणी मला मंडळांची आठवण देतील. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचे. ढोलताशे आहेत, नाटके आहेत, मराठी शाळा आहेत. मी स्वतः न्यू जर्सीत आठ वर्षे गणपतीची वर्गणी गोळा केली आहे आणि त्या मोदकांची निंदा मी करणार नाही. पण तो महाराष्ट्राशी संबंध झाला, घराशी नव्हे. पैशाचे म्हणाल तर जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी १०० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मायदेशी धाडली. अप्पांच्या तीस रुपयांसोबत पोस्टकार्ड येई; या अब्जांसोबत काय येते? कायदाही आहे. आईबापांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये झालेला कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. मुलाने तिकडचे नागरिकत्व घेतले की मामला संपला. असो. कायद्याने पोटगी मिळेल, जागरण मिळणार नाही.

खरे सांगण्याने सारे गोड होते असे मी म्हणत नाही. ताईचा मुलगा, माझा भाचा, दोहा येथे नोकरीला आहे. २०२० च्या सप्टेंबरात माझे मेहुणे करोनाने आजारी पडले. विमाने मार्चपासून बंद होती. परतीच्या खास विमानांत त्याला वेळेवर जागा मिळाली नाही. नातेवाइकांनी ताईला सल्ला दिला, "तो तिकडे अडकलाय, त्याला थोडे सौम्य करून सांग." ताई म्हणाली, "मी एकदा लपवले आहे. ते पुरे झाले." तिने पहिल्या दिवसापासून त्याला सगळे कळविले: ताप, प्राणवायूचा आकडा, डॉक्टर काय म्हणाले, काय म्हणायचे टाळले. अकराव्या दिवशी भाचा म्हणू लागला की दुसऱ्या हॉस्पिटलात हलवा. ताई म्हणाली, हलवायचे नाही. दोघे फोनवर कडाकडा भांडले. हलविले नाही. मेहुणे सोळाव्या दिवशी गेले. भाच्याने अंत्यविधी मोबाइलवर पाहिला. तेव्हा हलविले असते तर वाचले असते का, यावरून मायलेकांचे आजही वाजते. हा मुलगा दर वर्षी रजा काढून येतो, आणि ठाण्याच्या त्या घरात एक संध्याकाळ तरी या विषयावरून आवाज चढल्याशिवाय राहत नाही. मी तेथे बसलेलो असतो. मला मध्ये पडावेसे वाटत नाही.

पंच्याहत्तरीहून घरी आलो त्या रात्रीकडे पुन्हा येतो. जेवण का गेले नाही, तर मला माझे स्वतःचे हिशेब आठवले. माझी मुलगी मेलबर्नला असते. तिचे शिक्षण अमेरिकेतले, लग्न तिकडचे, नागरिकत्व आता ऑस्ट्रेलियाचे. तिला आम्ही काय काय सांगितले नव्हते? गेल्या वर्षी मला पायऱ्यांवर भोवळ येऊन मी पडलो, ते. तिच्या आईची शुगर इन्सुलिनवर गेली, ते. आणि गावचे घर व आगर विकण्याचे मी जवळजवळ ठरविले होते, ते. काकांच्या मुलाला एकट्याने निभत नाही, एका बिल्डरची मागणी आली होती. म्हटले व्यवहार पुरा झाल्यावर सांगू, उगाच तिला त्रास कशाला! नानांना बोल लावणारा मी हा असा.

पुढच्या रविवारी मी खुर्ची सोडून स्वयंपाकघरात बसलो आणि तिला तिन्ही गोष्टी सांगितल्या. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने तिचे सांगितले. ते तिचे आहे, येथे लिहिण्याजोगे नाही. इतकेच सांगतो की ते गेल्या मार्चपासून चालू होते, आणि मार्चपासून दर रविवारी आम्ही तिच्या अंगणातल्या गुलाबांचे कौतुक करीत होतो. तिची आई पुढच्या महिन्यात तिकडे जाते आहे, इन्सुलिनच्या सुयांसकट.

घराच्या प्रश्नावर मात्र मुलगी जी बिथरली आहे ती आहेच. "मला न विचारता?" हा तिचा पहिला प्रश्न होता. मी म्हटले, पंधरा वर्षांत तू तेथे चार वेळा गेलीस. ती म्हणाली, "पाचदा. आणि तुम्ही कितीदा गेलात?" मी म्हटले, परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांना आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, हे तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, "विकत घेता येत नाही, वारशाने येते, मी वाचले आहे. म्हणूनच विकू नका म्हणते." मग म्हणाली की मी हट्टी आहे, मी म्हणालो की तू हिशेबशून्य आहेस, आणि तिने फोन ठेवला. दोन दिवस फोन नाही. बायको माझ्यावर चिडली. तिसऱ्या दिवशी मुलीचे लांबलचक पत्र आले, मोबाइलवरच, पण पत्रच. कौले बदलण्याचा खर्च किती, काकांच्या मुलाला महिना काय द्यावे, आगराच्या पाण्याची काय सोय, कुलमुखत्यारपत्र कोणाच्या नावे करावे, आणि शेवटी, "पाणंदीकडचा फणस अजून आहे का?"

फणस १९८९ च्या वादळात पडला. तेही तिला कोणी कळविलेले नाही.

तिचे हिशेब साफ चुकीचे आहेत. कौलांचा खर्च तिने धरला आहे त्याच्या दुप्पट येईल, आणि ते मी तिला दाखवून देणार आहे. तिकडे आता उन्हाळ्याची वेळ लागली आहे, म्हणजे ती आपल्यापुढे साडेपाच तास. आज दुपारी साडेतीनला तिचा फोन यायचा आहे. सातबारा आणि जुने फेरफार मी टेबलावर काढून ठेवले आहेत.